जयाचा ढावलो अन् तुझा जाड आवाज

मु. तांडा, घाटंजीजवळ

जमनीले थोरल्या बहिणीचा आशीर्वाद. तुझे गुडघे कसे हायत? मी ठणठणीत हाय, कान सोडून. (साक्षरता वर्गात मराठीच गिरवली, म्हणून आपली बोली सोडून हे असं लिहून राह्यली. हसू नोको.)

कानाचं असं झालं, पोरगा भावसिंग वावराच्या त्या टोकाले बैलाले शिव्या देते, त्या मले साऱ्या ऐकू येतात. पण सून बाजूले बसून बोलली तर नुसते ओठ हलताना दिसतात. ती म्हणे, बुढी पोराचं ऐकते, माझंच ऐकत नाही, लबाड हाय. (लबाड हावोच, पण ह्यात नाही.) शेवटी दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणे, हा रोग नाही, वय हाय. बारीक आवाज आधी जातात, जाड मागून. नावंही जिभेवर उशिरा येतील म्हणे. त्या डॉक्टरचं नाव काही केल्या आठवत नाही.

आता नात जयाचं लग्न ठरलं, अन् तिले ढावलो शिकवणं माझ्यावर आलं. कापसाच्या भावानं औंदा सारा तांडा तसाही रडून राह्यला, पण ढावलो म्हणजे सासरी जाताना नवरीनं एकेकाच्या गळ्यात पडून सुरात रडणं, ते वेगळं. पोट्टीचा आवाज चिमणीचा. ती गाये, मी मान डोलवो. (ऐकू येत नाही म्हटलं असतं तर शिकवायचा मान सुनेच्या मायले गेला असता.) आठ दिवस डोलवली. नवव्या दिवशी पाह्यतो तर बाया पोट धरून हसून राह्यल्या. भावसिंगले विचारलं, काहून हसतात?

"माय, पोट्टी तुह्याच गळ्यात पडून गाऊन राह्यली, आजी माझी लाडवाची चोर, डब्बा रिकामा केला वो!"

जयाले असा चिमटा काढला का वळ लग्नापर्यंत राहीन. (लाडू मीच खाल्ले, ते जाऊ दे.)

तुह्या लग्नात मी तुले ढावलो गाऊ दिला नव्हता. म्हशीसारखा आवाज हाय, नवरदेव पळून जाईन, नुसते हुंदके दे, म्हटलं होतं. आजही माझं मत तेच हाय.

तुही बहीण,
भुरीबाई

ता.क. चार दिवस आधी येजो. लाडू आणजो, सुनेनं डब्ब्याले कुलूप लावलं.

आणखी ता.क. पाठवणीच्या टायमाले माझ्या बाजूले उभी राह्यजो. जया माझ्या गळ्यात पडून काय गाईन, ते मले ऐकू येणार नाही. ते तू माझ्या कानात म्हणजो. लाडवाचं असलं तरी तेच म्हणजो, पदरचं घालू नोको. अन् नुसतं सांगू नोको. गाजो.