कोक हुआतच्या अर्ध्या गोळीबद्दल

पिनांग, मलेशिया, बुधवार

ती. स्यू एंग आक्कांस,

शेजारच्या तंगवेलूचा साष्टांग नमस्कार (गुडघ्यामुळे कागदावरच). तुमचा खोकला भिंतीतून ऐकू येतो, कालपेक्षा आज बरा वाटला. भिंतीपलीकडे पत्र कसलं लिहितोस, असं म्हणाल. पण तुमच्यासमोर उभं राहायला तोंड नाही, म्हणून दाराखालून सरकवतोय.

तुमच्या भावाची, कोक हुआतची, आणि माझी हृदयातली झडप एकाच वर्षी बदलली. तेव्हापासून रक्त पातळ ठेवायची गोळीही एकच. दर महिन्याला रक्त तपासायचं, मग कॉफीच्या दुकानात एकमेकांच्या तपासणीच्या वह्या शाळकरी पोरांसारख्या पाहायच्या. कॉफी मात्र रोजची, आणि एक टोस्ट अर्धा अर्धा. त्याला रोज अर्धी गोळी, मला दीड. बारा वर्षं यावरून कुणी ब्र काढला नव्हता. गेल्या महिन्यात मात्र मी बोलून गेलो, "या देशात आम्हा तमिळांना कधी नव्हे ते जास्त मिळालं बघ! तुम्हा चिन्यांना अर्ध्यावर कटवलं." ते त्याला लागलं. "मी काय कर कमी भरतो?" म्हणाला आणि टोस्ट तसाच टाकला (लोणी लावलेला).

त्यानंतर तो जास्त गोळ्या कुठून घ्यायला लागला, देव जाणे. नवव्या दिवशी न्हाव्याच्या खुर्चीत नाकातून रक्त सुरू झालं, ते थांबेना. रक्ताच्या पातळपणाचा आकडा दोन-तीनच्या मध्ये हवा, तो नऊ निघाला. इस्पितळात औषधं देणाऱ्या नॉर्लिझाबाईंना मी शहाणपणानं विचारलं, हा भेदभाव का? त्या म्हणाल्या, "अंकल, हा काय सरकारी कोटा आहे? पुष्कळ चिनी लोकांच्या अंगात जन्मतःच असं काही असतं की थोड्या गोळीत भागतं. तुमच्यातल्या बऱ्याच जणांना जास्त लागते. पण नुसत्या वंशावरूनही ठरत नाही, म्हणून तर दर महिन्याला सुई टोचतो!" मी मान खाली घालून बाहेर आलो.

त्यानं डॉक्टरांना सांगितलं, मोजण्यात चुकलो. त्यावरून तुम्ही त्याला स्मृतिभ्रंश झाल्याचं ठरवलंत आणि कॉफीला जाणं बंद करणार आहात, असं भिंतीतून कळलं. आक्का, त्याचं डोकं शाबूत आहे. मला फार लाज वाटते.

आपला,
तंगवेलू

ता. क. 'देव जाणे' हे खोटं. न्याय व्हावा म्हणून माझ्या जुन्या पाकिटातली एक अख्खी गोळी रोज मीच त्याच्या बशीत ठेवत होतो. त्यानं माझं नाव कुठेही घेतलं नाही.

ता. क. २. पत्र खरं यासाठी. उद्या तो घरी येतोय. कॉफीवाल्या मालकाच्या मुलीचं लग्न होतं, दुकान चार दिवस बंद राहणार होतं, म्हणून चार गोळ्या मी त्याला आगाऊ दिल्या होत्या. दारामागच्या निळ्या सदऱ्याच्या खिशात मलमाची डबी आहे, तिच्यात त्यानं त्या ठेवल्या; तो यायच्या आत काढून घ्या. चारांपेक्षा कमी निघाल्या तर उरलेल्या त्याच्या पोटात गेल्या किंवा त्याच्याजवळ आहेत, आधी इस्पितळाला फोन करा, मला मारायला मागाहून या. दार उघडंच ठेवतो.