बिनविरोध

पावस, १२ एप्रिल १९८८

प्रिय राही,

तुझं पत्र पोचलं. पोफळीच्या कॉलनीत नळाला दिवसभर पाणी असतं हे वाचून बरं वाटलं. इथे आंबा यंदा मोहरातच बराच गळला. आप्पांचा गुडघा दुखतो, बाकी ठीक.

ग्रामपंचायतीची ती सभा तुला आठवणार नाही, तू शाळेत होतीस. मी नवीनच सदस्य झाले होते. सरकारकडून पाण्याची एकच योजना मिळणार होती. भूजल खात्याचे जोगळेकर म्हणाले, वरच्या कातळी सड्यावर बंधारे घाला, झाडं लावा. पाणी मुरून विहिरींना यायला आठ-दहा वर्षं जातील, पण नातवंडांनाही पुरेल. खाडीलगतच्या विहिरीवर पंप बसवलात तर पाणी लगेच मिळेल, पण उपसा वाढला की खारं पाणी आत शिरेल. त्याच वैशाखात शेजारची मालन हंडे घेऊन घाटीची उभी वाट उतरताना पडली होती, पोटातलं मूल गेलं होतं. तिला आणखी दहा वर्षं थांब म्हणायला माझी जीभ रेटेना.

इथवर मी स्वतःला माफ करते. पण जोगळेकरांनी विचारलं, "जी अजून जन्मली नाहीत, त्यांच्या वतीने इथे कोण बोलणार?" मी म्हटलं, "जन्मली की मत देतील, तोवर आम्ही आहोत!" सगळे हसले. त्या हसण्यातच पंपासाठी हात वर झाले. जोगळेकर चहासुद्धा न घेता गेले. निदान दोन बंधारे आपण श्रमदानाने घालू, एवढं तरी मला म्हणता आलं असतं.

नळ आला तेव्हा मालनने माझी ओटी भरली. पुढच्या निवडणुकीत मी बिनविरोध आले. मग पंपाचं पाणी बागांनाही जाऊ लागलं; आपल्याही. कोणी हरकत घेतली नाही, मीही नाही.

दोन उन्हाळे पाणी मचूळ लागत होतं. यंदा होळीनंतर डाळच शिजेना. परसातली आपली विहीरही बिघडली. मालन पुन्हा पाण्यासाठी घाटी चढते, मागून तिची लेक. काल दारावरून जाताना तिने विचारलंन, "राही बरी हाय ना गो?" मला वर बघवेना.

म्हणून लिहिते, बाय माझे, बाळंतपणाला माहेरी येऊ नकोस. खोली सारवून ठेवली होती, बाळंतविडाही तयार आहे. मीच तो घेऊन पोफळीला येईन. पहिलटकरणीला माहेरी का नेली नाही, असं तुझ्या सासूबाई विचारतील. खोटं सांगू नकोस. इथलं पाणी खारट झालं आणि त्यात माझ्या आईचा हात आहे, असंच सांग.

तुझीच,
आई