पाच पिरोगींच्या मागे

१७ ऑगस्ट २०१४

लिहायला फार उशीर झाला, माफी असावी. माझी बायको ओल्गा गेली त्या हिवाळ्यानंतर या वहीत एक अक्षर नाही. माफी कोणाची मागतोय कोण जाणे. कागदाचीच! पण आज लिहिलं नाही तर झोप यायची नाही.

ब्रेनन विद्यापीठात गेला. माझा नातू — फुटबॉल संघाचा क्वार्टरबॅक म्हणून, डाव चालवणारा, चेंडू फेकणारा! या गावातली पोरं पोलादाच्या कारखान्यात गेली, सैन्यात गेली, कारखाना बंद पडल्यावर कुठेकुठे पांगली. चेंडूच्या जोरावर विद्यापीठात गेलेला माझ्या आठवणीत हा एकटाच.

रेने त्याला सोडायला गेली. माझी मुलगी, त्याची आई. मी ओसरीवर उभा.

ब्रेनन गाडीच्या खिडकीतून, “पॅप, रडतोयस?”

“डोळ्यात चिलट गेलं.”

“दोन्ही डोळ्यांत?”

लबाड कुठला!

काल जेवताना शेवटचा खेळ झाला. तो सात-आठ वर्षांचा असल्यापासून चालत आलाय. टेबलावर पाच पिरोगी, बटाटा भरलेल्या त्या करंज्या, एका ओळीत — ती पुढची फळी, त्याला वाचवणारी धिप्पाड माणसं. त्यांच्या मागे मिठाची डबी. ती म्हणजे तो. मग डावाचं लांबलचक नाव तो एका दमात म्हणतो आणि मी त्याप्रमाणे पिरोगी सरकवायची. चुकलो की ती पिरोगी त्याच्या पोटात. काल सगळी फळी त्याच्या पोटात गेली. मी मुद्दाम चुकलो नव्हतो. नावं कसली लांब असतात — आगगाडीसारखी! त्याला शेकडो पाठ. मला नववीनंतर शाळा नको झाली होती. हे डोकं त्याला कुठून मिळालं? ओल्गाकडून.

२९ ऑगस्ट

ब्रेननचा फोन. भारी खुशीत होता.

सामने सुरू होण्याआधी सगळ्या पोरांची डोक्याची परीक्षा घेतात म्हणे, संगणकावर. शब्द दाखवायचे, आकृत्या दाखवायच्या, किती लक्षात राहतं बघायचं. पुढे कधी डोकं आपटलं की तीच परीक्षा पुन्हा. मार्क घसरले तर बाहेर बसवतात.

“पॅप, मी आज मुद्दाम ढ झालो!”

“म्हणजे रे?”

“सगळेच होतात. आत्ताच कमी मार्क पाडायचे. मग नंतर डोक्यात तारे चमकले तरी तेवढेच पडतात. डॉक्टर म्हणतो, ठीक आहे, जा मैदानात! थोरल्या पोरांनी पहिल्याच दिवशी शिकवलं.”

मी पोट धरून हसलो. म्हटलं, आमच्या घराण्यात ढ व्हायला परीक्षेची गरज कधी पडली नाही!

रेनेला सांगू नकोस म्हणाला. नाही सांगितलं.

१ नोव्हेंबर

अजून बाकावरच आहे. रेनेला वाईट वाटतं. मला नाही. बाकावर कोणी अंगावर येऊन पडत नाही.

१२ नोव्हेंबर २०१६

मध्ये दोन वर्षं गेली. वही आठवली की लाज वाटायची, म्हणून उघडायचीच नाही. ब्रेनन गेल्या वर्षापासून मुख्य क्वार्टरबॅक आहे. दुकानांच्या काचांवर त्याचे फोटो. पाद्री प्रवचनात नाव घेतात.

आज सामना बघायला अग्निशामक दलाच्या हॉलमध्ये गाव जमलं होतं. तिसऱ्या सत्रात मागून एक बैल आला आणि ब्रेननला आडवा केला. डोकं जमिनीवर आपटून वर उसळलं. दोनदा उसळलं! उठला तो दुसऱ्याच संघाकडे चालू लागला.

थोड्या वेळाने हेल्मेट घालून परत मैदानात. काय तो जल्लोष! रेजिसने माझ्या पाठीत असा गुद्दा घातला की बिअर नाकातून आली. रेजिस माझा शेजारी. शाळेच्या संघात आम्ही खांद्याला खांदा लावून उभे असायचो.

“काय लाड आहेत आजकाल! परीक्षा काय, डॉक्टर काय! आपल्याला आठवतं ना, अमोनियाची कुपी नाकाशी धरायचे आणि ढुंगणावर लाथ — जा परत!”

सगळे हसले. मीही दात दाखवले. डॉक्टरने मार्क ताडून पाहिले असणार. मुद्दाम ढ मार्क. ते कशाला घसरतील?

जिंकले. मग ब्रेननचा फोन आला. गोंगाटातून विचारतो, “पॅप, सामना किती वाजता आहे?”

म्हटलं, “झाला, बाळा. जिंकलात.”

मग हसला. “माहीत आहे रे, गंमत केली.”

ती गंमत नव्हती.

२५ डिसेंबर

नाताळला दोन दिवस आला. झाडावरचे दिवे बंद करायला लावले. टीव्ही नको, उजेड नको. तळघरात बसून राहिला. रेने म्हणाली, थकलाय बिचारा.

मी खाली गेलो. म्हटलं, आईला सांगू या, चांगल्या डॉक्टरला दाखवू. उठला, वर जाऊन ओल्गाची जपमाळ घेऊन आला. माझ्या हातात कोंबली.

“आजीच्या माळेवर शपथ घे. कोणाला नाही सांगणार. ना आईला, ना संघाला.”

“हा काय वेडेपणा, ब्रेनन—”

“एकदा कागदावर आलं ना पॅप, की संपलं. मोठे संघ नाव खोडतात. मला दुसरं येतं काय? घे शपथ. नाहीतर मी या घरात पाऊल ठेवणार नाही.”

घेतली. आता माळ माझ्याच उशाशी आहे. हात लावायची भीती वाटते.

१० फेब्रुवारी २०१७

रस्त्यावरचं बर्फ उपसून रेजिसने गाडीपुरती जागा केली आणि रीतीप्रमाणे तिथे स्वयंपाकघरातली खुर्ची ठेवली, म्हणजे दुसरं कोणी गाडी लावणार नाही. ब्रेड आणायला गेला. परत आला आणि रस्त्यात गाडी उभी करून बोंबलायला लागला — “कोणत्या हरामखोराने माझ्या जागेत खुर्ची ठेवली!”

पोरं खिदळत होती. मी जाऊन खुर्ची उचलली. म्हटलं, “रेजिस, ही तुझीच.”

माझ्याकडे बघत राहिला. म्हणाला, “मस्करी करतो का, स्टीव्ह?”

स्टीव्ह माझा भाऊ. त्याला जाऊन वीस वर्षं झाली.

अमोनियाच्या कुप्या आठवल्या. जेवलो नाही.

२० मार्च २०१८

व्यावसायिक संघ पुढच्या महिन्यात खेळाडू निवडणार. आज एका संघाचा माणूस दारात. सभ्य, बूट चकचकीत. रेनेने कॉफी दिली, अक्रोडाचा रोल कापला.

“आजोबा, पोराला काही दुखणंखुपणं? डोक्याला कधी मार?”

रेने म्हणाली, “छे! देवाची कृपा.” आणि माझ्याकडे पाहिलं.

मी म्हणालो, “बैल आहे बैल.”

तो हसला. लिहून घेतलं. माझ्या घशात अक्रोड अडकला, दोघं पाठीत थोपटत बसले.

२८ एप्रिल

झाली निवड! काल दिवसभर नाव नाही. हॉलमधले लोक तोंडं पाडून घरी गेले. आज चौथ्या फेरीत त्याचा फोन वाजला. तो फक्त “हो सर, हो सर” म्हणत होता. मग टीव्हीवर नाव आलं. बायकांनी लग्नाला मांडतात तसं बिस्किटांचं टेबल मांडलं होतं, ते कोणीतरी धक्क्याने पाडलं. रेने माझ्या गळ्यात पडून हुंदके देत होती. “डॅड, आईने बघायला हवं होतं.”

ओल्गाने सगळं बघितलं असतं. पहिल्या दिवशीच कान पिळला असता, त्याचा आणि माझाही.

माझ्या डोक्यावर नव्या संघाची टोपी घातली. घट्ट आहे. काढली तर लोक विचारतात, काय झालं?

२ डिसेंबर

परत बाकावर. परत बरं वाटतंय मला. असं कोणत्या आजोबाला वाटत असेल?

६ जुलै २०१९

संघाच्या सरावाच्या कॅम्पला जायच्या आधी ब्रेनन आठवडाभर घरी आहे. आज रेने कामावर होती. मी पिरोगी तळल्या. पाच मांडल्या ओळीत, मागे मिठाची डबी. म्हटलं, चल, होऊन जाऊ दे! त्याला हसू आलं.

नाव म्हणायला लागला. अर्ध्यावर आला आणि थांबला. परत पहिल्यापासून. त्याच ठिकाणी थांबला. मग मनगटाकडे पाहिलं. मैदानात क्वार्टरबॅकच्या मनगटावर डावांची पट्टी असते, विसरला तर बघायला. त्याला ती कधी लागायची नाही. आता उघड्या मनगटाकडे बघत बसला. तिथे केसांशिवाय काही नव्हतं.

तो डाव त्याला बाराव्या वर्षी येत होता. मलासुद्धा येतो!

मी बोलून गेलो, “ब्रेनन, यंदा ती परीक्षा खरी दे.”

“काय?”

“खरी दे. येतं तेवढं सगळं लिही. कोणाला सांगणार नाही, शपथ आहे. पण तू ढ होऊ नकोस. पुढे काही झालं तर त्यांना कळू दे.”

“म्हणजे त्यांनी मला हाकलावं? वा, पॅप! सगळं गाव माझ्या मागे आणि तू एकटा माझ्या विरुद्ध?”

“रेजिसकडे बघ एकदा. मला मेलेल्या भावाच्या नावाने हाक मारतो.”

“म्हातारा आहे तो!”

“माझ्याहून सहा महिन्यांनी लहान आहे.”

उठला. ताटली सरकवली, एक पिरोगी खाली पडली. “तू भित्रा आहेस. सगळं आयुष्य भित्रा.” दार असं आपटलं की कपाटातल्या बश्या वाजल्या.

खरंच आहे. भित्रा आहेच मी.

पडलेली पिरोगी उचलली. कोणी खाल्ल्या नाहीत.

१८ ऑगस्ट

फोन नाही. मी केला तर उचलत नाही. रेनेशी बोलतो. ती म्हणते, “तुमचं काय बिनसलंय दोघांचं?” काही नाही म्हणतो. त्याने ऐकलं नसणारच. उलट जास्तच ढ झाला असेल, माझ्यावरच्या रागाने.

२३ सप्टेंबर

मुख्य क्वार्टरबॅकचा घोटा मोडला. पुढच्या सामन्यापासून ब्रेनन!! गावात गाड्यांचे भोंगे वाजताहेत. रेजिस ओसरीवरून ओरडला, “तुझं पोरगं, अं!”

संघाच्या कचेरीचा नंबर रेनेच्या कागदांत सापडला. फोन पुढ्यात ठेवून बसलो. सांगितलं तर पोर गेलं, रेने गेली, ओल्गाची शपथ गेली. नाही सांगितलं तर त्याचं डोकं. तीन आकडे दाबले आणि ठेवून दिला. जेवणानंतर पुन्हा तेच.

१३ ऑक्टोबर, रविवार

दुसऱ्या सत्रात त्याला दोघांनी मध्ये धरला. उठला. पाय लटपटले. कडेच्या निळ्या तंबूत नेला. त्यात डॉक्टर परीक्षा घेतात.

हॉल उभा राहिला. “येतोय, येतोय! आपला पोर आहे!” सगळ्यांच्या नजरा तंबूच्या पडद्यावर. मला मात्र पडदा हलायला नको होता. माळ खिशात होती. येऊ नकोस म्हणत मणी ओढत होतो. असली प्रार्थना ओल्गाला चालली असती का, माहीत नाही.

पडदा हलला. तो बाहेर आला — आणि त्यांनी त्याला आत नेला, कपडे बदलायच्या खोलीकडे. हेल्मेट दुसऱ्याच कोणाच्या हातात.

हरले. रेजिसने टोपी आपटली. “एवढ्याशा धक्क्याने? कापसाची झालीत पोरं!” सगळे माझ्याकडे बघत होते. मी टोपी काढली. कोणी काही विचारलं नाही.

१५ ऑक्टोबर

रेने विमानाने त्याच्याकडे पोचली. तिथून फोनवर म्हणाली, तो अंधाऱ्या खोलीत आहे, त्याचा फोन काढून घेतलाय. डॉक्टर म्हणाले, कॅम्पमधल्या परीक्षेत हा संघात सगळ्यांच्या वर होता, आणि तंबूत पाच शब्द सांगता आले नाहीत. एवढी घसरण दिसली म्हणून अडवला, नाहीतर सोडला असता. पुन्हा खेळेल का, कोणी सांगत नाही. मग म्हणाली, “डॅड, तो मघापासून एकच धोशा लावतोय. पॅपला सांग, यंदा मी ढ झालो नाही. म्हणजे काय हो?”

फोन ठेवून पीठ मळायला घेतलं.

पिरोगी केल्यात, कोणासाठी कोण जाणे. ब्रेनन, फोन हातात आला की पहिला मला कर. डाव विसरला असलास तर मी म्हणतो, तू नुसतं ऐक. पण कर. लवकर कर रे.