खाट हलली म्हणून

४ सप्टेंबर २०१७, मोताळा

पोचले एकदाची. अकोल्याहून निघताना आईने असा गळा काढला की जणू मी काळ्या पाण्यावर निघालेय. दवाखाना नवाकोरा आहे, भिंतींना अजून रंगाचा वास येतो. डॉ. कुशल म्हणाले, ईसीजीचं यंत्र आजपासून तुमचं, गार्गी. मी मनात म्हटलं, नाहीतर कोणाचं? खिडकीबाहेर नजर जाईल तिथवर कपाशी आहे.

इथे बेबीताई नावाच्या आया आहेत, तोंडाने फटकळ पण मायाळू. दुपारी त्यांना माझी विद्या शिकवली. लाल चिमटा उजव्या हाताला, पिवळा डाव्या. हिरवा डाव्या पायाला, काळा उजव्या. छातीवर सहा रबरी वाट्या. कागदावर छोटा उंचवटा, मग उंच टोक, मग पसरट टेकडी, की झाला एक ठोका. ठोके मंद असले तर ब्रॅडीकार्डिया, घाईचे असले तर टॅकीकार्डिया. नुसती सरळ रेघ आली तर असिस्टोल, माणूस गेला. त्यांनी विचारलं, "अन् रेघ खोटी बोलली तं?" मी म्हटलं, खाट हलली तर रेघ उगाच उड्या मारते, त्याला आर्टिफॅक्ट म्हणतात, आणि ते ओळखायलाच मला पगार आहे. फार ऐटीत म्हटलं.

९ सप्टेंबर

फवारणी जोरात आहे. बीटी बियाण्याला अळी लागत नाही म्हणून लोकांनी ते पेरलं, आता अळीही आहे आणि औषधही दुप्पट. फवारणारे मजूर रोज येतात, तोंडाला फेस, बाहुल्या टाचणीएवढ्या, ठोके मंद. बहुतेक इंजेक्शनांनी सावरतात.

काल एक म्हातारी गेली. बेबीताईंनी मला चिमटे काढू दिले नाहीत. घरचं माणूस येऊन हात धरेपर्यंत तारा तशाच ठेवायच्या, हा त्यांचा नेम. तासभर यंत्र सरळ रेघ ओढत बसलं. कागद किती वाया गेला, मला हसूच आलं.

१४ सप्टेंबर

माणिकराव म्हणून इथले बडे शेतकरी आहेत. त्यांनी निवृत्ती नावाच्या मजुराला जीपमधून आणून टाकलं. त्यांच्याच कपाशीत फवारत होता. पंपाची टाकी गळून पाठ सोलल्यासारखी लाल झाली होती. डॉक्टर बुलढाण्याला गेलेले. सिस्टरने फोनवर विचारून इंजेक्शनं दिली. ठोके मंदावत गेले, शेवटी रेघ सरळ झाली. मधूनच, फार वेळाने, एक पसरट उंचवटा येत होता. पण माणिकराव खाटेला टेकून पाय हलवत होते, तेव्हा ते आर्टिफॅक्टच. डॉक्टरांना फोनवर सांगितलं, सरळ आहे.

बेबीताई म्हणाल्या, त्याच्या बायकोला येऊ द्या. माणिकराव म्हणाले, "मेला तो. तारा काढ. पोलीस आले म्हंजे झंझट होते."

मी काढल्या. लाल चिमटा काढताना त्याची बोटं माझ्या मनगटाभोवती वळली. होतं असं कधी कधी.

१७ सप्टेंबर

निवृत्तीचा भाऊ भाऊराव कुऱ्हाडीचा दांडा घेऊन आला. काचा फोडल्या. कंपाउंडर अकील आडवा गेला, त्याच्या जबड्यावर असा घाव बसला की दात टेबलावर पडले. मग भाऊराव फरशीवर बसून रडत सांगू लागला. सरण पेटल्यावर निवृत्ती उठून बसला. माणिकरावच्या गड्यांनी त्याला बांबूंनी खाली दाबलं. "मले हाक देली त्यानं. जित्ता होता वं तो."

पोलिसांना मी सांगितलं, आगीत शिरा आखडतात, म्हणून प्रेत उठतं. सांगितलं आणि आत जाऊन त्याचा कागद पुन्हा पाहिला, ते उंचवटे त्याचेच होते. मी त्याला जिवंत जाळायला दिलं.

२० सप्टेंबर

माणिकराव आले, छातीत धडधड म्हणून. ठोके घाईचे. आणि मध्ये, फार वेळाने, तोच पसरट उंचवटा. मी त्यांच्या पायांकडे पाहिलं. स्थिर होते.

मग आवाज आला. खट्— खट्— फवारणी पंपाचा दांडा वरखाली होतो तसा, त्यांच्या छातीतून. प्रत्येक खट्‌सरशी छाती फुगायची. एक बरगडी मोडली, मग दुसरी. रबरी वाट्या रक्ताने भरल्या आणि उडाल्या. नाकातोंडातून पांढरं औषध चिळकांड्या मारत छतापर्यंत गेलं. माणिकराव शेवटपर्यंत शुद्धीत होते. डॉक्टर भिंतीला पाठ लावून उभे राहिले. माझ्या केसांतून तो वास जात नाही.

२१ सप्टेंबर

मनगटावर बोटांचे वळ आले आहेत. पाच. भाजल्यासारखे.

माझी नाडी हाताला लागत नाही. पुसट खट् तेवढं—

बेबीताई म्हणतात, निवृत्तीच्या बायकोच्या पाया पड. गेले होते. तिने दार उघडलं नाही.

२२ सप्टेंबर, दुपार

स्वतःलाच चिमटे लावले. काळा, हिरवा, पिवळा, लाल.

सरळ रेघ.

लांब लांब एक उंचवटा. खट् झालं की येतो. तेवढाच श्वास मिळतो. माझा ठोका नाहीच— तोच पंपाचा दांडा मारतोय, म्हणून मी—

डॉक्टरांना फोन केला. ते बुलढाण्याला. हसले. आर्टिफॅक्ट असेल म्हणाले, खाट हलत असेल.

खाट हलत नाहीये.

बेबीताईंना हाक मारली. त्यांनी हात धरावा, नुसता हात— अंगणात आहेत, ऐकू जात नाही—

आवाज आता पोकळ येतोय. टाकी तळाला गेली की दांडा सैल पडतो, तसा—

खट्—

आई, मी—

ख