दंडाच्या पावत्या

प्रिय बेबीवहिनी,

आपण कसतो त्या गायरानावर सौर प्रकल्प येतोय. सूर्याची वीज चांगलीच गं, पण जुन्या वहिवाटीचा पुरावा नसेल तर आपल्याला उठवतील.

बाबा दरवर्षी अतिक्रमणाचा दंड भरून पावती पेटीत जपायचे. "हाच आपला सातबारा हाय," म्हणायचे. त्या रानातल्या ज्वारीवरच मी कॉन्व्हेंटात शिकले.

बाबा गेल्यावर पेटी मीच आवरली. पावत्यांवर त्यांच्या नावापुढे 'अतिक्रमणधारक' लिहिलेलं बघवेना. सगळ्या पावत्या चुलीत घातल्या.

काल फोनवर तू म्हणालीस, "ताई, तीनदा पेटी पाह्यली. पावत्या काऊन सापडत नाईत वो?"

मी म्हणाले, "पुन्हा एकदा बघ."

हेच सांगायला याआधी तुला लिहिलेली दोन पत्रंही न टाकता ड्रॉवरमध्येच आहेत. वहिनी, चौथ्यांदा शोधू नकोस.

तुझी,
दीपमाला