कळ आली का?

ती. ताईस, मुक्काम देवाघर,

उद्या माझ्या पोटात गर्भ ठेवणार आहेत. अंग सैल पडावं म्हणून आज सुया टोचणाऱ्या बाईंकडे गेले. "यानं मूल होत नाही, नुसतं मन निवतं," असं त्यांनी आधीच बजावलं. एवढ्या सुयांत घरातलं सगळं फाटकं शिवून झालं असतं, म्हटलं तर हसल्या.

सुई टोचली की त्या विचारायच्या, "कळ आली का?" मी म्हणायची, "आली." शेवटच्या सुईला मी तोंड उघडण्याआधीच पडद्यामागून उत्तर आलं, "आले गं, आले."

पलीकडची खाट रिकामी होती.

मी कडी वाजवली की तू आतून अस्संच म्हणायचीस. ताई, येणार असशील तर खुशाल ये. फक्त या खेपेला मला आई म्हण.

तुझी धाकटी