पप्पांच्या कबरीत आईला जागा

पप्पा,

आई आज सकाळी गेली. अर्धा चहा प्यायली, कपबशी माझ्या हातात दिली आणि उशीला टेकली, ती टेकलीच. बाहेरच्या खोलीत चर्चच्या मंडळीतल्या बायका गाणी म्हणताहेत. मी चहा टाकायच्या निमित्तानं स्वयंपाकघरात आलेय आणि ओट्याशी उभ्या उभ्याच हे लिहितेय, कारण बसवत नाही. येईल तो म्हणतोय, ‘शेवटी त्यांच्या भेटीला गेल्या.’ तुम्ही असतात तर तिथल्या तिथं दुरुस्त केलं असतंत. भेट कसली, शेवटच्या दिवशी कर्णा वाजेपर्यंत दोघंही झोपलेले, कुणाला कुणाची खबर नाही! आणि आईच्या भावानं, मामानं, लगेच सुरू केलं असतं, की प्राण निघाला तो थेट प्रभूजवळ, मधे झोपायला ती काय धर्मशाळा आहे? तेवढ्यात चहा निवला असता. माझं निम्मं लहानपण तुम्हा दोघांचा निवलेला चहा पुन्हा गरम करण्यात गेलं.

पण मला वेगळंच बोलायचं आहे. आपल्या दफनभूमीत आता नवी जागा मिळत नाही. घरातल्याच कुणाची तरी जुनी कबर उघडायची, निघतील ती हाडं पांढऱ्या कापडात बांधून पायथ्याशी ठेवायची आणि वर नवी पेटी. सगळेच तसं करतात. कमिटीचा माणूस सकाळीच येऊन गेला. म्हणाला, “ताई, तुमी व्हय म्हणला की माणसं लावतो. ऊन लई हाय, संध्याकाळपत्तूर उरकायला पायजे.” उघडायची ती कबर तुमची. आणि तुम्ही तर मला बजावून ठेवलेलं. तुमच्या आजीची कबर कुणासाठी तरी उघडली तेव्हा खणणाऱ्यानं तिची हाडं पाटीत भरून कुंपणाशी ओतली, हे तुम्ही लहानपणी डोळ्यांनी पाहिलं होतंत. दवाखान्यात माझं मनगट धरून म्हणालात, “मला कुणी हलवायचं न्हाय. पाय पूर्वेकडं. त्या दिवशी उठलो की सरळ प्रभूच्या समोर उभा राहीन. हाडं शोधत हिंडायला लावू नगंस.” मी हो म्हटलं. मरणाऱ्या माणसाला नाही कसं म्हणायचं?

तुम्ही अक्कलकोट रोडच्या कारखान्यात टॉवेलचे माग दुरुस्त करायचात आणि रविवारी मंडळीत शेवटचा काळ शिकवायचात. मागात जसा धागा कुठं तुटला ते बोट ठेवून दाखवायचात, तसंच जगाचंही. एकदा कारखान्यातलं डाग पडलेलं लांबलचक पांढरं कापड आणलंत आणि नव्या पेठेत दुकानांच्या पाट्या रंगवणाऱ्या पेंटरकडं गेलात. मीही बरोबर होते. डावीकडं आजची मंडळी, मग कबरींतून उठणारे विश्वासणारे, मग महासंकट, मग हजार वर्षांचं राज्य, अगदी उजवीकडं न्यायाचं सिंहासन, असं सगळं तुम्ही त्याला हातवारे करून समजावलंत. बिचाऱ्यानं चर्च आतून कधी पाहिलेलं नव्हतं. महासंकटातला सात डोक्यांचा पशू काढ म्हटल्यावर त्यानं सातही डोकी रावणासारखी एका ओळीत काढली, मिशांसकट, कानांत सोन्याच्या बाळ्या घालून. तुम्ही गडबडीत कापड न उलगडताच आणलंत आणि रविवारी भर मंडळीत ते सोडलंत. पहिला हसला मामा. मग पाळकसाहेबांनी रुमाल तोंडाशी नेला आणि मग कुणालाच आवरेना. मामा म्हणाला, “दाजी, देवाचं टाइमटेबल कापडावर काढलंय व्हय? एकच कर्णा, एकच दिवस, समदे एकदमच उठणार की!” तुमचा चेहरा लालबुंद. “हस. प्रभू आपल्या लोकांना वर उचलून नेईल, त्या दिवशी तू मागं राहणार हायस,” एवढंच म्हणालात आणि त्यानंतर कितीतरी वर्षं त्याच्याशी बोलला नाहीत. नाताळच्या करंज्या आई माझ्या हाती भावाकडं पाठवायची आणि तुम्ही तेव्हा मुद्दाम पवित्र शास्त्रात डोकं घालून बसायचात.

तुम्हाला ते दुसरं आठवतं का? शाळेतून आले तर दार सताड उघडं, स्टोव्हवर भात रटरटतोय आणि घरात कुणी नाही. मला एका क्षणात कळलं की झालं, कर्णा वाजला, तुम्ही आणि आई वर गेलात, मी राहिले. मी रडले नाही. मी पळत मामाकडं गेले, कारण तुमच्या म्हणण्याप्रमाणं तो तर नक्कीच मागं राहणार होता. मामा अर्धी दाढी करून दारात उभा. मी म्हटलं, “मामा, समदे गेले. आपुन दोघंच राहिलो.” तो हसला नाही की त्यानं काही विचारलं नाही, साबण तसाच तोंडावर ठेवून मला सायकलवर बसवलं आणि घरी आणलं. आई शेजारी चिंच मागायला गेली होती. रात्री तिनं तुम्हाला सगळं सांगितलं. मला वाटलं, जवळ घ्याल. तुम्ही म्हणालात, “भ्याली ते बरं झालं.” पप्पा, मला त्याचा अजून राग येतो. भात शिजतोय आणि आई दिसत नाही, तर लेकरानं जग संपलं असं समजावं, हे कसलं शिकवणं? पुढं ती भीती कधीतरी विरली आणि तिच्यासोबत बाकीचंही गेलं. मी नाताळला चर्चला जाते ते आईला धरून न्यायला. आता तेही नाही.

गेल्या महिन्यात आई म्हणाली, “मला त्यांच्याच जागेत ठेव.” मी तुम्हाला दिलेलं वचन सांगितलं. तर उसळली, “त्यांनी काय ती जागा एकट्याच्या नावावर करून घेतली व्हय? जन्मभर त्या खाटंवर अंग चोरून झोपले मी. आता त्यांनी जरा सरकावं की!” आज मामा काठी टेकत आला. त्यालाही विचारलं. म्हणाला, “अगं, कोण समुद्रात बुडतं, कोण आगीत जळतं, देवाला ते बी उठवायचे हायत. दाजींची हाडं हातभर सरकली तर देव वळखायला चुकंल व्हय?” आणि मग एकदम रडायला लागला. “भांडायला बी कुणी राहिलं न्हाय गं आता.” मी ओट्यापासून दारापर्यंत आणि दारापासून ओट्यापर्यंत फेऱ्या घालतेय. कुणी उठणार नाही असं मला खरंच वाटत असेल, तर तुम्हाला हलवलं म्हणून कुणाचं काय बिघडणार आहे? मग माझे पाय का थांबत नाहीत? आणि उठणार असाल, तर तुमच्या समोर मी काय तोंड घेऊन उभी राहू?

मी हो म्हटलंय. माणसं खणायला गेलीसुद्धा. हे पत्र आईच्या पेटीत ठेवावं असं मनात आलं होतं, पण नाही ठेवणार. तुम्ही वाचाल या आशेनं ठेवल्यासारखं होईल. कमिटीचा माणूस म्हणाला, बायका पेटीबरोबरच येतात, आधी कशाला? मी म्हटलं, मी आत्ताच येणार, हाडं माझ्या हातानं बांधणार. सगळ्यांना वाटतंय, आईच्या शब्दाखातर मी तुमचा शब्द मोडला. मीही सकाळपासून तेच सांगतेय. ते खरं नाही, पप्पा. तुमच्या त्या उठायच्या दिवसावर माझा विश्वास नाही, आणि असता तरी तोवर माझ्यानं थांबवलं नसतं. मला तुम्हाला एकदा बघायचं होतं, जेवढे उरला असाल तेवढे. म्हणून हो म्हटलं.